चौथ्या कोर्टाची मागची रेघ

ती हरल्यावरही हसते, याचा ज्यांना ज्यांना त्रास होतो त्या सगळ्यांवर माझा राग आहे आणि तो कमी करायचा माझा अजिबात विचार नाही. टीव्हीवरचे कॉमेंटेटर त्यात आले, इंग्लंडमधल्या रीडिंग या आमच्या गावातली शनिवारच्या बॅडमिंटनची मंडळी आली. सगळ्यात जास्त राग ज्या व्यक्तीवर आहे ती शेवटी येईल.

ती म्हणजे थायलंडची एक खेळाडू, महिला एकेरीतली. नाव सांगत नाही, कारण माझ्या चुकीला तिचं नाव चिकटवायची मला इच्छा नाही. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याच्या व्हिसावर नुकतीच नागपूरहून आले होते. नोकरी नव्हती, ओळखी नव्हत्या, आणि मार्च महिना असूनही घरात दोन स्वेटर घालून बसावं लागायचं. नवऱ्याच्या ऑफिसात कुणाला तरी बर्मिंगहॅमच्या बॅडमिंटन स्पर्धेची तिकिटं नको झाली होती, ती आमच्याकडे आली. नवरा म्हणाला, "चल, तू खेळायचीस ना कॉलेजमध्ये." मी विद्यापीठाकडून खेळले होते, पण ते सांगत बसले नाही.

त्या दिवशी एक बारकीशी पोरगी कोर्टवर आली. समोरची तिच्यापेक्षा वीतभर उंच. या पोरीनं जाळ्याजवळ रॅकेट अशी धरली की आता शटल पुढे पडणार असं हॉलमधल्या प्रत्येकाला वाटलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी मनगट वळवून तिनं ते मागच्या कोपऱ्यात भिरकावलं. समोरची पुढे धावली होती, ती तिथेच थांबून हसायला लागली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. या देशात आल्यापासून मी पहिल्यांदाच मोठ्यानं काहीतरी केलं होतं. ती तो सामना हरली. हात जोडले, मान थोडी वाकवली आणि हसत निघून गेली.

त्यानंतर दर मार्चमध्ये मी जायला लागले. मला रीडिंगमध्येच नोकरी लागली, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि तिकडे माझी खेळाडू वर चढत गेली. उपांत्य फेऱ्या, अंतिम फेऱ्या, मोठमोठ्या खेळाडूंना घरी पाठवणं. मग गुडघा गेला. शस्त्रक्रिया, वर्षभर गायब, परत आली तर पट्टी बांधून. जिंकणं कमी झालं, आणि लोकांच्या तोंडाला जोर आला.

कॉमेंटेटर लोकांचं एक मला समजत नाही. ती जिंकत होती तेव्हा म्हणायचे, काय गोड मुलगी आहे, किती आनंदानं खेळते. तीच हरायला लागली की म्हणायचे, हिच्यात जिंकायची भूकच नाही, फार हसते. अरे, तेच हसू आहे ना? तिच्याच वयाचा पुरुष पहिल्या फेरीत हरला तर तो अनुभवी. ही हरली की संपली. दुखऱ्या गुडघ्यावर तीन गेम खेळणाऱ्या बाईला भूक नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तरी जिना धावत चढून दाखवावा.

आणि आमचा शनिवारचा हॉल! तिथे सात-आठ मराठी घरं मिळून लेझर सेंटरचे, म्हणजे इथल्या क्रीडासंकुलाचे, दोन कोर्ट घेतात. त्यात नवऱ्याचा एक मित्र आहे, पुण्याचा. पुण्याचा असल्यामुळे त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, असं मी म्हटलं तर लोक म्हणतील नागपूरकरीण बोलली. बोललेच. तो मला प्रत्येक वेळी विचारायचा, "काय गं, तुझी थाई मैत्रीण रिटायर झाली की नाही अजून? आता घरी बसून पोरंबाळं सांभाळायला सांग तिला." बाकीचे हसायचे. एकदा माझा नवराही हसला आणि त्या दिवशी गाडीत मी मागच्या सीटवर, मुलीशेजारी जाऊन बसले.

नुसतं बघून भागेना म्हणून मी लाइन जज व्हायचं ठरवलं. कोर्टच्या कडेला खुर्चीवर बसून शटल आत पडलं की बाहेर हे सांगणारी माणसं असतात ना, ती आम्ही. नोकरीतून रजा काढून येतो, युनिफॉर्मचा शर्ट आणि जेवण मिळतं. हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसायचं. टाळी नाही, हळहळ नाही, पायावर पाय नाही. शटल बाहेर पडलं तर ओरडून दोन्ही हात पसरायचे. आत पडलं तर काही न बोलता उजव्या हातानं रेघ दाखवायची. आणि दिसलंच नाही, तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे. मला शिकवणारी एक गोरी बाई होती, बर्मिंगहॅमचीच, शाळेच्या किचनमधून निवृत्त झालेली, वीस-पंचवीस वर्षं रेघा बघणारी. मी तिला आधीच सांगून टाकलं की एक खेळाडू मला फार आवडते. कुणालाही लव्ह म्हणायची तिची सवय. ती म्हणाली, "सगळ्यांनाच कुणी ना कुणी आवडतं, लव्ह. तू लाइन बघ."

बर्मिंगहॅमच्या त्याच मोठ्या स्पर्धेसाठी माझी निवड झाली तेव्हा मी हॉलमध्ये पेढे नेले. पुणेकरानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "म्हणजे आता थायलंडची सोय झाली! ही लाइनवर बसली की तिचं शटल पार्किंगमध्ये पडलं तरी इन." सगळे खो खो हसले. माझी मुलगी तिथेच बुटांच्या नाड्या बांधत होती. ती माझ्याकडे बघायला लागली, आई आता काय बोलणार म्हणून. मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य आत रुतून बसलं. मी पक्षपात करीन? मी? एवढी वर्षं जिचा खेळ मनापासून बघितला, तिला माझ्या भिकेची गरज आहे असं याला वाटतं?

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर कागद लागला. कोर्ट चार, पहिली फेरी, आणि त्यात तिचं नाव. मागच्या रेघेवर मी.

चौथं कोर्ट पार कडेला होतं. टीव्हीचे कॅमेरे नाहीत, आणि निर्णय पटला नाही तर पडद्यावर पुन्हा बघायची सोय नाही. जिनं याच हॉलमध्ये मधल्या कोर्टवर अंतिम सामने खेळले, तिला नेऊन ठेवलं होतं फायर एक्झिटशेजारी. समोर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान मुलगी. प्रेक्षक मोजके, त्यातले निम्मे वेफर्स खात पलीकडचं कोर्ट बघत होते. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "ही अजून खेळते?" मी मान वळवू शकत नव्हते, नाहीतर सांगितलं असतं.

आणि ती खेळली! पहिला गेम हरली, दुसरा जिंकली. गुडघा धरून दोनदा वाकली, पाणी प्यायली, परत आली. तिसऱ्या गेममध्ये ती वीस, समोरची एकोणीस. एक पॉइंट मिळाला की सामना तिचा. माझे हात गुडघ्यांवर होते.

रॅली लांबली. मग ती जाळ्याजवळ गेली, रॅकेट धरली, आणि मला कळलं काय होणार. इतक्या वर्षांत मी ते शंभरदा बघितलं होतं. मनगट वळलं. समोरची पुढे झेपावली होती ती तिथेच अडकली. शटल तिच्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या कोपऱ्यात, माझ्यापासून चार पावलांवर, रेघेवर पडलं. रेघेवर म्हणजे आत. शटलचं बूच पांढऱ्या पट्टीवर टेकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मध्ये कुणी नव्हतं.

अंपायरनं माझ्याकडे बघितलं. मला फक्त उजवा हात पुढे करायचा होता.

तेवढ्यात मला तो पेढा खाणारा चेहरा दिसला. पार्किंगमध्ये पडलं तरी इन. ही हिची फॅन आहे, हिनं दिला पॉइंट, असं सगळा हॉल म्हणेल असं वाटलं. त्या हॉलमध्ये मला ओळखणारी चार माणसंही नव्हती. आणि मी दोन्ही हात उचलून डोळे झाकले.

अंपायरला तिथून नक्की दिसलं नव्हतं. त्यानं रॅली पुन्हा खेळायला लावली. ती क्षणभर माझ्या कोपऱ्याकडे बघत राहिली, मग रॅकेटच्या तारा सरळ करत परत गेली. ओरडली नाही, हुज्जत घातली नाही. पुन्हा खेळलेली रॅली हरली. पुढचे दोन पॉइंटही गेले. सामना संपला.

तिनं समोरच्या मुलीशी हात मिळवला, अंपायरशी मिळवला. मग हात जोडून ती चारी बाजूंना वळली, प्रेक्षकांना आणि रेघांवरच्या आम्हा प्रत्येकाला. माझ्यापाशी आली तेव्हाही मान तेवढीच वाकवली, आणि हसली. लहानपणापासून समोरच्यानं हात जोडले की आपलेही हात आपोआप वर येतात. माझे आले नाहीत. नियमानं ते गुडघ्यांवर ठेवायचे होते, आणि नियम पाळायची मला अचानक फार घाई झाली होती.

लाइन जजांच्या खोलीत परतल्यावर मला शिकवणाऱ्या बाईनं चहाचा मग पुढे केला. ती त्याच कोर्टच्या पलीकडच्या कडेला बसली होती. "तुला दिसलं नाही?" तिनं विचारलं.

"खेळाडू मध्ये आली," मी म्हणाले.

"त्या कोपऱ्यात तुझ्या आणि लाइनच्या मध्ये कोण येणार, लव्ह?"

मी चहा प्यायले. रीडिंगच्या परतीच्या ट्रेनमध्ये मी स्वतःला हरतऱ्हेनं समजावून पाहिलं. एकाच पॉइंटनं काय होतं, पुढचे तीन तर तीच हरली ना? पण हे खोटं होतं आणि ते मला कळत होतं. तिला तीन पॉइंट खेळावेच लागायला नको होते. सामना तिनं जिंकला होता. संपली संपली म्हणणाऱ्या जगाला तिनं त्या कोपऱ्यात उत्तर दिलं होतं, आणि ते बघणारं जगात एकच माणूस होतं, ते मी. मी डोळे झाकले.

शनिवारी हॉलमध्ये पुणेकर वाटच बघत होता. "काय, हरली ना? तू असून?"

मी सगळं सांगितलं. त्याच्या तोंडावर, सगळ्यांसमोर, मुलगी ऐकत असताना. शटल आत होतं, मला स्पष्ट दिसलं होतं, आणि तुझ्या त्या वाक्यामुळे मी डोळे झाकले. आवाज चढला होता माझा. नवरा म्हणाला, "अगं, हळू." मी हळू झाले नाही.

पुणेकर जरा गडबडला, मग म्हणाला, "हे बघ, मी चेष्टेत म्हटलं होतं. आणि खरं सांगू? बरंच झालं. उगाच कुणी बोट दाखवायला नको. डाउट असेल तर..."

"डाउट नव्हता."

"बरं बाई, नव्हता. चल, कोर्ट रिकामं झालंय."

त्याच्या आणि आमच्या घराची मिश्र दुहेरी लागली. तो जाळ्यापलीकडे, मी इकडे मागे. आमच्या हॉलमध्ये पंच नसतात, शटल ज्याच्या बाजूला पडेल त्यानं आत की बाहेर ते सांगायचं. पाचव्या-सहाव्या पॉइंटला त्यानं जोरात मारलेलं शटल माझ्या मागच्या कोपऱ्यात पडलं, रेघेवर, जेमतेम बूच टेकेल एवढंच. तो मान ताणून बघत होता. त्याला तिथून दिसणं शक्य नव्हतं.

"आत," मी म्हणाले. माझा उजवा हात रेघेकडे गेलेलाच होता.

त्यानं मान डोलावली आणि सर्व्हिस करायला वळला.