रस्त्यात गेलेलं घर

टेम्पोत सगळ्यात शेवटी आई चढली. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती. बाबा पुढं बसून ड्रायव्हरला गल्लीतून गाडी कशी काढायची ते सांगत होते, सवयीनं. मागं आपल्या रांगेतल्या प्रत्येक दारावर पाडायच्या घराची लाल फुली. समोरची रांग ओट्यावर येऊन उभी होती. त्यातल्या सावंतकाकूंनी मला जवळ घेतलं. रडायचं जाणाऱ्यांनी की राहणाऱ्यांनी, हेच कुणाला कळत नव्हतं.

नाहूरच्या त्या गल्लीतले अर्धे तुम्ही आमच्याबरोबर गोवंडीला आलात, अर्धे तिथंच राहिलात. दोघांसाठी लिहितेय. कारण नंतर काय झालं ते आपण एकमेकांना धड सांगितलंच नाही. लग्नात भेटलो, जेवलो, सेल्फी काढले, निघालो.

हायवे कायम तुंबलेला. म्हणून आपला रस्ता रुंद करायचा, पुढं वाढवायचा आणि हायवेला नेऊन जोडायचा, असं ठरलं. रेघ अशी पडली की आपली रांग पूर्ण गेली आणि समोरची पूर्ण वाचली. आपल्या मागं टॉवरचं काम चालू होतं, त्याच्या कंपाउंडला मात्र ती रेघ कुठं शिवली नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं आपण.

पण बाबा होते ना. बाबांनी उभी हयात अँब्युलन्स चालवली. हायवेला अडकून पडायचे तेव्हा मागं पेशंटच्या बायकोचं रडणं ऐकत स्टिअरिंग धरून बसायचे. घरी आले की जेवण जायचं नाही. म्हणायचे, "सायरननं माणूस बाजूला होतो गं, भिंत होत नाही." त्यामुळे रस्त्याची गोष्ट निघाली तेव्हा विहारातल्या मीटिंगला पहिले तेच उभे राहिले. आपली घरं गेली तर कुणाचा तरी जीव वाचेल, असं त्यांनी सांगितलं. लोक कुरकुरले, पण ऐकलं त्यांचंच. आई तेवढी घरी येऊन म्हणाली, "जीव वाचवायला नेहमी आपलंच घर लागतं का ओ?"

गोवंडीला सातवा मजला मिळाला. आई आयुष्यात पहिल्यांदा 'फ्लॅट'मध्ये राहायला आली. बिल्डिंगी एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की भर दुपारी ट्यूबलाइट लावूनच भाजी चिरायची. लिफ्ट चालू असली की बातमी. डम्पिंग ग्राउंड पेटलं की धूर थेट घरात, आणि तो वास भाताला लागतो, उशीला लागतो, ऑफिसला निघताना माझ्या केसांना लागतो. दोन बिल्डिंगींच्या फटीत लोक वरून कचरा टाकतात. मेलेली घूस एकदा तिथं कितीतरी दिवस पडून होती. याला कागदावर पुनर्वसन म्हणतात. नाहूरला घर पत्र्याचं होतं, संडास बाहेर होता, मी काही त्याचे गोडवे गाणार नाही. पण तिथं घाण होती ती आपली होती, आपणच झाडायचो. इथं दुसऱ्यांनी आपल्याला घाणीत आणून ठेवलंय. बाबा तरी म्हणायचे, रस्ता तर होतोय ना तिकडं.

मग कळलं की सावंतकाकांना अर्धांगवायू झालाय. मी आणि बाबा भेटायला गेलो. रस्ता झाल्यावर बाबा पहिल्यांदाच तिकडं चालले होते. रिक्षात त्यांनी शर्टाची वरची बटणंसुद्धा लावून घेतली.

रस्ता रुंद होता, नाही असं नाही. टॉवरच्या बाजूनं गाड्यांची एक रांग उभी, तिला चिकटून दुसरी. एका चायनीजवाल्याची गाडी, टॉवरच्या ऑफिसच्या कुंड्या. मधे जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट. बाबा सरळ चालत गेले. मी मागून. पुढं निळे पत्रे आडवे लावून रस्ता तिथंच संपवला होता. त्यांच्यापलीकडं गवत, आणि गवतापलीकडं हायवेचे हॉर्न ऐकू येत होते. पुढची जागा कोर्टात अडकलीय म्हणे. पत्र्याच्या आडोशाला माणसं लघवीला जात होती, तिथं उभं राहवत नव्हतं. बाबा उभे राहिले.

सावंतकाकूंचं दार बंद. धूळ आणि धूर येतो म्हणून आता दिवसभर बंदच असतं. आत काका खाटेवर. पूर्वी गल्लीभर आवाज जायचा त्यांचा. बाबांना बघून तोंड वाकडं करून नुसतं 'आँ आँ' करत राहिले आणि लुळ्या पडलेल्या उजव्या हाताकडं बघत राहिले. काकूंनी सगळं सांगितलं. अँब्युलन्स वेळेत आली होती, पण उभ्या गाड्यांमुळं रस्त्याच्या तोंडाशीच अडकली. शेवटी शेजाऱ्यांनी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, गाड्यांच्या आरशांना धक्के देत, उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणायला हवं होतं. सांगून झाल्यावर काकूंनी बाबांकडं बघितलं.

"भावजी, ह्यो रस्तो कोणासाठी केल्यानी, सांगा माका."

बाबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

बाहेर येऊन ते टॉवरच्या गेटसमोर एका पांढऱ्या मोठ्या गाडीपाशी थांबले. वॉचमन धावत आला. आजोबा, गाडीला हात लावू नका, साहेबांची गाडी आहे, म्हणाला.

"हात लावत नाही," बाबा म्हणाले. "ही उभी आहे ना, तिथं माझं स्वयंपाकघर होतं. ते मी रस्त्याला दिलं. तुझ्या साहेबाला नाही."

वॉचमन बाजूला झाला. वर कुणाच्या तरी बाल्कनीतून झाडांना घातलेलं पाणी आमच्या अंगावर ठिबकत होतं. मी बाबांचा दंड धरून त्यांना तिथून काढलं. मला एवढी किळस कधीच आली नव्हती, त्या गोवंडीच्या घुशीचीसुद्धा नाही. तिला निदान कुणी 'विकास' म्हटलं नव्हतं.

आईला घरी येऊन मी सगळं सांगितलं. तिनं बाबांना एका शब्दानं टोचलं नाही. पुढ्यात ताट ठेवलं आणि समोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा संध्याकाळी बिल्डिंगच्या गेटात उभे राहायला लागले. आत यायच्या वाटेवर कुणी बाइक लावली की ती काढायला लावतात. लोक म्हातारा सटकलाय म्हणतात, कुणी शिवीही घालतं. एकदा एकानं मुद्दाम टेम्पो आडवा लावला, तर बाबा त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. आई वरून डबा घेऊन सात मजले उतरली आणि तीही शेजारी बसली. टेम्पोवाल्यानं शेवटी टेम्पो काढला. आता मीही ऑफिसातून आले की थोडा वेळ तिथं थांबते, भांडते.

मुलुंडच्या ऑफिसात कुणी कुठं राहतेस विचारलं की मी इतकी वर्षं नाहूर सांगायचे. आता गोवंडी सांगते. समोरचा नाक मुरडतो. मुरडू दे. वास येतोच. पण आमच्या दारापर्यंत अँब्युलन्स येते.