अष्टमीची होडी

पाण्यात उतरायला यशोदाबाईंना लहानपणी कधी कुणाची परवानगी लागली नव्हती. रत्नागिरीकडच्या एका खाडीवर त्यांचे वडील होडीतून माणसं या काठावरून त्या काठाला सोडायचे आणि दहाव्या वर्षापासून या पोरीच्या हातात वल्हं होतं. लग्न ठरलं आणि आईनं ते काढून घेतलं. त्यानंतर बावीस वर्षं कासारवाडीच्या चाळीत गेली. अलीकडची दोन तर पिंपरीच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या धुण्यात. दिवसभर हात ओले, पण त्याला पाणी म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात कारखाना आठ दिवस बंद राहणार असं कळलं, तशी त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि चाळीतल्या बायकांना बोलावलं.

"माझ्या माहेरी चला. सकाळी होडीतून निघायचं, दिवेलागणीच्या आत परत. वल्हं मी मारणार."

बायका हसल्या. नदीखेरीज दुसरं पाणी त्यांतल्या एकीनंही पाहिलं नव्हतं. यशोदाबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं.

"हसू नका, ऐका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला खाडी भरलेली. आपण निघायचं, ओहोटी आपल्याला समुद्राकडे नेते. दुपारी बाराला पाणी तळाला जातं आणि मग भरती घरी आणून सोडते. अष्टमीला पाण्याला जोरही नसतो. दळणापेक्षा सोपं काम आहे."

हे मुकादम दत्तोबांच्या कानावर गेलं. चाळीत कुणी शिंकलं तरी या गृहस्थांना आधी विचारावं लागे. ते आले ते फर्मान घेऊनच.

"पान्यावर जायाचं तर पुनवंला जायाचं, देवाचं नाव घिऊन. आन् वल्हं गडीमानूस मारंल. बाईनं मारल्यालं कुटं बगितलंय?"

"पौर्णिमेला उधाण असतं, दत्तोबा. आणि बघितलं नसेल तर बघायला चला."

दत्तोबा यशोदाबाईंच्या नवऱ्याकडे वळले. "लक्ष्मणराव, आवरा की बायकूला."

लक्ष्मणराव जेवत होते. "तुम्हीच सांगून बघा," म्हणाले आणि त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

दत्तोबांनी मग घरोघरी जाऊन बायकांना बुडण्याच्या गोष्टी सांगितल्या. चार दिवसांत सगळ्यांची माघार झाली. राहिली एकटी पुतळाबाई, चाकणकडची, कांद्याच्या वाफ्यात वाढलेली. "मला पवता येत न्हाई," ती म्हणाली, "पर त्या दत्तोबाचं ऐकून घरी बसले, तर जल्मभर त्याचंच ऐकाया लागंल."

अष्टमीच्या पहाटे दोघी माहेरच्या खाडीवर पोचल्या, तर यशोदाबाईंचा भाऊ बाळाजी आधीच वल्हं घेऊन होडीत बसलेला.

"उतर," यशोदाबाई म्हणाल्या.

"ताई, गाव बघतंय. लग्न झालेली बाई तू. मी काय तोंड दाखवू?"

यशोदाबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात शिरल्या. "बावीस वर्षं मी गप्प राहिले, तेव्हा गावानं माझं तोंड बघितलं का? उतर म्हणते ना! बाबांनी वल्हं तुझ्याआधी मला दिलंय."

बाळाजी उतरला. त्याला वाटलं, दहा हातांवर ही परत फिरेल. होडी वळणापल्याड गेली तरी तो तिथंच उभा होता.

दुपारी खाडीच्या तोंडाशी पुतळाबाईनं मात्र हातातली भाकरी खाली ठेवली. पाणी मागं हटलं होतं आणि होडी कोरड्या वाळूवर बसली होती. "बाई, पानी आलंच न्हाई तर?"

यशोदाबाईंनी मनात पाऊणपट पुन्हा मोजली. बावीस वर्षांत आपण काही विसरलो असलो तर? ही भोळी बाई आपल्या भरवशावर आली आहे. त्यांनी होडीच्या टोकाशी वाळूत एक काडी रोवली आणि दोघी तिच्याकडे बघत बसल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग काडीच्या बुडाशी वाळू ओली झाली. थोड्या वेळानं पाणी काडीला टेकलं. यशोदाबाईंना रडूच फुटलं. तशाच रडत त्यांनी होडी ढकलली, पुतळाबाईला पुढ्यात बसवलं आणि वल्हं तिच्या हातात दिलं.

कारखाना सुरू झाला त्या सकाळी चाळीच्या नळावर दत्तोबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मंग? वल्हं शेवटी कोनी मारलं? भावानंच ना?"

पुतळाबाईनं हंडा खाली ठेवला आणि दोन्ही तळवे त्यांच्या नाकासमोर धरले. त्यांवर फोड आले होते.

"जाताना यशोदाबाईनं, येताना मी. फुडल्या साली तुमी बी चला, दत्तोबा. मधी बसायाचं आन् हालायाचं न्हाई."