मार्करची मुलगी

"मार्करची पोरगी ना तू? मग बघत काय उभी राहिलीस? रोलर फिरव."

माझ्या मुलींसमोर म्हणाले वकीलसाहेब.

मुली म्हणजे कॉलेजची टेनिसची टीम. मी त्यांची कोच. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, पाठीवर कॉलेजचं नाव. समोर क्लबचे सेक्रेटरी. सगळी रत्नागिरी त्यांना वकीलसाहेब म्हणते. आमची वेळ अजून संपली नव्हती. पण ते लवकर आले होते, आणि ते आले की कोर्ट त्यांचं.

तन्वी सर्व्ह करत होती. चेंडू वर टाकलेला. तिने तो तसाच खाली पडू दिला.

"मॅडम, सांगू का त्यांना, आमची वेळ आहे म्हणून?" आफरीन हळूच म्हणाली.

मी म्हटलं, "बाजूला व्हा. पाणी प्या."

आणि मी रोलर ओढला. मातीचं कोर्ट, दगडाचा रोलर. लोखंडी दांडा पोटाशी धरायचा, वाकायचं आणि ओढायचं. मुली बाकावर बसून बघत होत्या.

वकीलसाहेब आपल्या जोडीदाराला म्हणाले, "बापाचा हात आहे हिला. बघ किती सारखं फिरवते."

कौतुक होतं ते. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं कौतुक करतायत.

कॉलेजवर परत जाताना सुप्रिया माझ्या बरोबरीने चालत होती. चिपळूणची मुलगी, आमच्यासारख्याच बौद्धवाडीतली. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही का ओढलात?"

"कोर्ट हवंय म्हणून."

मग ती म्हणाली, "म्हणजे आम्ही पण असंच करायचं?"

मी पाय उचलून चालायला लागले.

माझा बाप त्या क्लबात मार्कर होता. मार्कर म्हणजे कोर्टाला पाणी मारणारा, चुन्याच्या रेषा ओढणारा, नेट बांधणारा. कोणा मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर पलीकडून चेंडू परतवणारा. पण मेंबर जिंकला पाहिजे, असा परतवायचा. आयुष्यभर माझा बाप हरत राहिला आणि हसत राहिला. चांगला खेळायचा तो. किती चांगला, ते कोणाला कळलंच नाही. त्यालाही नसेल कळलं.

मी शाळेतून आले की चेंडू वेचायला जायचे. एकदा संध्याकाळी मेंबर आत चहाला गेले होते. बाकावर एक रॅकेट पडलं होतं. मी उचललं. भिंतीवर चेंडू मारला. परत आला. परत मारला. इतकं साधं होतं ते. मी हसत होते बहुतेक.

ज्यांचं रॅकेट, त्या बाई बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. रॅकेट माझ्या हातातून घेतलं, दांड्याला गुंडाळलेली ग्रिपची पट्टी सोडवली, सालपटासारखी ओढून काढली आणि झाडाखाली टाकली. मग माझ्या बापाला म्हणाल्या, "नवीन गुंडाळून दे. आणि हात धुऊन गुंडाळ."

बापाने हात धुतले. साबण लावून. माझ्यासमोर.

रडू आलं नाही. फक्त माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.

पुढे मी शारीरिक शिक्षण शिकायला कोल्हापूरला गेले. तिथल्या होस्टेलमागे सिमेंटचं जुनं कोर्ट होतं. तिथे पहिल्यांदा माझ्या हातातलं रॅकेट कोणी काढून घेतलं नाही. मी दिवसभर खेळायचे. मैत्रिणी म्हणायच्या, वेडी आहेस. असेनही. मग रत्नागिरीला कॉलेजात खेळाची शिक्षिका म्हणून लागले, कॉन्ट्रॅक्टवर. प्राचार्य म्हणाले, मुलींचं कबड्डी-खोखो बघा. मी म्हटलं, टेनिसही बघते. ते हसले. "टेनिस? कोण खेळणार?"

हीच त्या प्रश्नाची गंमत. ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं, त्या सगळ्या खेळणार होत्या.

तन्वी लांज्याकडची. बाप मुंबईत हॉटेलात, घरची शेती आईच्या अंगावर. काजूच्या बागेतली माकडं दगड मारून हाकलण्यात तिचं लहानपण गेलेलं. खांदा असा की मी तिला सर्व्ह शिकवलीच नाही, फक्त दगडाच्या जागी चेंडू दिला. आफरीन बंदराकडची, वडील जहाजावर. सुप्रिया कबड्डी खेळायची, तिचे पाय जमिनीवर टेकतच नसत. आणखीही होत्या. एकीच्याही घरात त्याआधी रॅकेट आलं नव्हतं.

सकाळी क्लबचं कोर्ट, प्राचार्यांच्या ओळखीने मिळालेलं. संध्याकाळी कॉलेजच्या मागे, गाड्या लावायच्या सिमेंटवर. स्टाफच्या गाड्या निघाल्या की आम्ही खडूने रेषा मारायचो आणि दोन खांबांमध्ये दोरी बांधायचो. ऑइल सांडलेलं असायचं, पाय घसरायचा. पावसाळ्यात व्हरांड्यात नुसता पायांचा सराव. पुढे, मागे, आडवे. मुली रडायच्या. मी थांबवायचे नाही.

पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो. मुंबईच्या एका मुलीने तन्वीला विचारलं, "रत्नागिरीत टेनिस पण आहे? आम्हाला वाटलं फक्त आंबे." दुसऱ्या वर्षीही हरलो. पण लवकर नाही. प्रत्येक गेमला त्यांना घाम फोडून हरलो.

आणि रोलरची ती सकाळ झाली त्याच वर्षी जिंकलो. फायनलला तन्वीने तिची मॅच घेतली. दुसरी आम्ही हरलो. मग डबल्स, आफरीन आणि सुप्रिया. सुप्रियाने नेटवर असे चेंडू काढले की समोरच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटचा पॉइंट झाला तेव्हा कोणी उड्या मारल्या नाहीत. मुली माझ्याकडे बघत होत्या, हे खरंच झालंय का म्हणून. मी मान हलवली. मग त्या ओरडल्या.

रत्नागिरीत परत आलो तर क्लबच्या फाटकावर बॅनर. "आमच्या क्लबच्या कन्या विजयी." मुलींचे फोटो. त्यांच्या वर, त्यांच्याहून मोठा, वकीलसाहेबांचा फोटो.

सत्कार क्लबच्या हिरवळीवर होता. शहरातली सगळी मोठी माणसं आलेली. माझा बाप शेवटच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्या क्लबात खुर्चीवर बसला होता. बसला होता म्हणजे कडेला टेकला होता.

वकीलसाहेब माइकवर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ही आमच्या मार्करची मुलगी. ह्याच कोर्टावर चेंडू वेचत मोठी झाली. आम्ही कधी भेदभाव केला नाही. आम्हीच हिच्या हातात रॅकेट दिलं, आम्हीच हिला घडवलं, आणि आज हिने आमच्या उपकाराचं सोनं केलं."

टाळ्या. खूप टाळ्या.

खांद्यावरचा तो हात जड होता. मी स्टेजवर उभ्या असलेल्या मुलींकडे पाहिलं. सुप्रिया माझ्याकडेच बघत होती. तिचा तो प्रश्न अजून तसाच होता आणि मी अजून उत्तर दिलं नव्हतं.

मी तो हात खाली केला. माइक घेतला.

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "या क्लबात मी चेंडू वेचले. खेळले नाही. कारण मी कोणत्या वाडीतली ते तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला तुम्ही घडवलं नाहीत. या मुलींनाही नाही. आम्हाला हा सत्कार नको."

कोणीतरी म्हणालं, "अहो, माइक बंद करा." माइक बंद झाला. मी तशीच मोठ्याने म्हटलं, "चला गं."

सुप्रिया उतरली. आफरीन उतरली. तिच्यामागे आणखी दोघी. बाकीच्या तिथेच उभ्या राहिल्या. तन्वीही. ती खाली मान घालून उभी होती आणि गळ्यातला हार दोन्ही हातांनी धरून होती. आदल्याच दिवशी वकीलसाहेबांनी तिच्या आईला फोन करून सांगितलं होतं की क्लब तिला पुण्याच्या अकॅडमीत पाठवणार आहे. मला हे नंतर कळलं. मी तिच्यावर रागावले नाही. पण झोंबलं. अजून झोंबतं.

बाप घरी आला. पडवीत बसला आणि मग म्हणाला, "काय गो हे केलंस? साहेबांनी सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवला. आणखी काय हवा होता तुला?"

"बाबा, ते खोटं बोलत होते."

"मला माहीत नाय काय? मी पण तिथंच होतो." तो रडायला लागला. "पण आज खुर्ची दिली होती गो मला. जरा बसू द्यायचंस."

मी त्याच्या पायाशी बसले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. क्लबावरून जाणारा रस्ता त्याने सोडला, लांबून जातो.

क्लबचं कोर्ट बंद झालं ते झालंच. एका मुलीच्या घरच्यांनी तिला टीममधून काढलं. "मॅडम भांडकुदळ आहेत" म्हणून. कॉलेजात स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबतं. एक बाई, माझ्याच वयाच्या, चांगल्या स्वभावाच्या, मला म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं हो, पण जागा चुकली." कुठली जागा बरोबर असती, ते मी विचारलं. त्यांनी डबा उघडला.

मग प्राचार्यांनी बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"एकदा वकीलसाहेबांना भेटून या. दोन शब्द बोला. कोर्ट परत मिळेल. संस्थेतही त्यांचं वजन आहे, तुम्हाला माहीत आहे."

"कुठले दोन शब्द?"

"तुम्हाला कळतंय मॅडम."

"मला काही चुकलं असं वाटत नाही, सर."

"मग कॉन्ट्रॅक्ट पुढे देणं मला अवघड जाईल." ते खिडकीबाहेर बघत होते.

"नका देऊ."

चहा तसाच ठेवून मी उठले.

लोक म्हणतात, पुण्याला जा, मुंबईला जा, तुझ्यासारखीला कुठेही काम मिळेल. मिळेल. पण मी जाणार नाही. जूनपासून कॉलेजात माझं नाव नसेल. सुप्रिया आणि आफरीन अजून येतात. वाडीतल्या दोन शाळेच्या मुली यायला लागल्यात. समाजमंदिराच्या मागे सपाट कातळ आहे, त्याच्यावर चेंडू वेडावाकडा उडतो. तिथे मी शिकवणार. कोणी अडवायला पोलीस आणले तर पोलिसांसमोर शिकवणार. कोणाला विचारणार नाही, कोणाचे आभार मानणार नाही. आमच्या मुली हरतील तेव्हा आमच्या आम्ही हरू. जिंकतील तेव्हा ज्याला माझ्या खांद्यावर हात ठेवायला यायचं असेल, त्याने मी आधीच सांगून ठेवते ते ऐकावं: तो हात मी परत खाली करणार. या गावात, दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर.