दोराच्या पोटातली पांढरी भुकटी

तो तुटलेला दोर आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोलीस खात्यात मी फार वर्षं राहिलो नाही, वर्दी तरुणपणीच उतरवली. पण त्या थोड्या वर्षांत मान वर करून सांगावं असं एक काम झालं, ते हे. कायद्याने आपलं काम केलं आहे, म्हणून नाव कोणाचंच देत नाही.

स्वराज्य येऊन फार काळ झाला नव्हता. काल-परवापर्यंत मी नागपुरात सरकारविरुद्ध पत्रकं वाटत होतो आणि आता रामटेककडच्या रस्त्यावर एका ठाण्याचा ठाणेदार होतो. माझा हेड कॉन्स्टेबल इंग्रजांच्या काळातला मुरलेला गडी. तो मला पाठीमागे 'पत्रकवाले साहेब' म्हणायचा. कधी कधी तोंडावरही.

हद्दीत मॅंगनीजची एक खाण होती. खनिजाने भरलेल्या टबगाड्या रुळांवरून वर ओढायच्या त्या तारेच्या दोराने. वर विंच फिरे आणि दोर तिच्यावर गुंडाळला जाई. एका सकाळी भरल्या गाड्या अर्ध्या चढावर असताना दोर तुटला. गाड्या सुसाट खाली आल्या आणि एका मजुराचा पाय चिरडून गेल्या.

जखमी माणूस दवाखान्यात पोचतो न पोचतो तोच व्यवस्थापकाची फिर्याद ठाण्यात हजर! दोर नवाकोरा, नुकताच नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेला. नवा दोर आपोआप तुटत नाही. तेव्हा विंच चालवणाऱ्यानेच तो कापला, कारण मजुरीवाढीसाठी संपाची भाषा तोच करत होता. वरून हुकूम आला: घातपाताचा गुन्हा, ताबडतोब अटक. मी अटक केली. फिर्यादीला ठाण्यात खुर्ची आणि चहा, आरोपीला फरशी. गोरा साहेब गेला होता, खुर्ची तिथेच होती.

विंचवाल्याला मी समोर बसवलं.

"दोर तूच कापला?"

"खाली कोन उभा होता ते इचारा ना साहेब. माहा साळा. बायकोचा सख्खा भाऊ. त्याच्या अंगावर गाडी सोडून मले कोनता संप जितायचा होता?"

"मग तुटला कसा?"

"तेच तर तुमी शोधून काढा गा! मले कुलपात ठेवून काय दोर बोलनार हाय?"

हेड कॉन्स्टेबल खेकसला, "साहेबाले 'गा' म्हनतं बे?" मी त्याला हातानेच थांबवलं. खोटं बोलणारा माणूस पोलिसापुढे सहसा गोड बोलतो. हा चिडला होता. माझ्या अनुभवात निरपराध माणूस असाच चिडतो.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. खाणीत टोपल्या वाहणारी बाई. तिने डबा माझ्या टेबलावर आदळला.

"भाऊ दवाखान्यात, नवरा तुमच्या कोठडीत. आधी डबा कोनाले नेऊ, ते सांगा."

तीच पुढे म्हणाली, "नवा दोर म्हने! पहिल्या दिवशी ताणला तं त्यातून पांढरी भुकटी गळली, आमच्या डोक्स्यावर. आमी बाया दिवसभर धुळीनं काळ्या होतो साहेब, पांढरं आमाले लगेच दिसते. मॅनेजर म्हने, कारखान्याची पावडर हाय. असा कसा वं कारखाना, जो दोराले पावडर लावते?"

शेवटचं वाक्य ती माझ्याशी नव्हे, दारातल्या आपल्या सोबतिणीशी बोलली. पण माझ्या कामाचं तेच होतं. खबर देणारा माणूस पुष्कळदा खबर म्हणून देतच नाही. ती ऐकू यावी लागते.

दोर मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडलाच होता. मी तो अंगणात ओढून आणवला.

आमचं घर विणकरांचं. सुताची तुटलेली टोकं बघतच मी वाढलो. कात्रीने कापलेल्या सुताची टोकं एका रेषेत येतात. झिजून तुटलेलं सूत आखूड-लांब तुटतं, कारण प्रत्येक तंतू आपापल्या वेळी दम सोडतो. तारेचा दोर म्हणजे तरी काय? बारीक पोलादी तारा पिळून एक पेड, असे सहा पेड मधल्या तागाच्या दोरीभोवती वळलेले. ती मधली दोरी तेल पिऊन बसलेली असते. दोर वाकला की ती दबते आणि आतल्या तारांना तेल पाजते. बाहेरून कितीही वंगण फासा, पोट कोरडं पडलं की दोर आतून मरतो.

या दोराची टोकं वीतभर मागेपुढे होती. बाहेरच्या तारा एका अंगाने घासून चपट्या झालेल्या. करवतीची किंवा छिन्नीची खूण एकही नाही. पंच समोर बसवून आम्ही पेडांत सळई घातली आणि दोर उकलला. मधली दोरी तंबाखूसारखी कोरडी, हात लावताच चुरा झाला. आणि त्या चुऱ्यात पांढरी भुकटी!

मॅंगनीजच्या खाणीत धूळ असते ती काळी. ही पांढरी आली कुठून?

वंगण निघून जावं म्हणून भुकटी घासलेटने धुतली, उन्हात वाळवली. हेड कॉन्स्टेबलच्या शिदोरीतलं लिंबू मागून घेतलं आणि तिच्यावर पिळलं. भुकटी फसफसली. बुडबुडेच बुडबुडे!

हेड कॉन्स्टेबल वाकून बघत म्हणाला, "साहेब, या दोराले तं अजीर्ण झालं."

अजीर्ण नव्हे, चुनखडी! आंबट पडलं की ती अशीच फसफसते. हा दोर चुनखडीच्या खाणीत वर्षानुवर्षं राबून आलेला होता. लिंबाने काळी धूळ फसफसत नाही, कारखान्याचं वंगण फसफसत नाही. पंचनाम्यावर सह्या घेतल्या आणि आम्ही तडक इतवारी गाठली.

व्यापारी गादीवर लोडाला टेकून बसला होता. मागच्या गोदामात तारदोराची लाकडी रिळं उभी.

"नवा माल हाय साहेब, हात लावून पाहा," तो म्हणाला आणि रिळाचं बाहेरचं टोक त्याने कौतुकाने पुढे केलं. टोक खरंच चांगलं होतं. विंचवरचे शेवटचे काही फेरे कधी सुटतच नाहीत. जुन्या दोराचा तेवढा तुकडा नव्यासारखा राहतो. याने तोच तुकडा बाहेर ठेवून दोर गुंडाळला होता. दाखवायचं टोक चांगलं आणि ज्यावर माणसांचा जीव टांगायचा ते पोट सडकं!

मी म्हटलं, "टोक पुरे. सगळा दोर उकला."

"सगळा? गल्लीत जागा कुठं हाय?"

"रस्ता मोठा आहे."

त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. त्याने मोठ्या लोकांची नावं सांगितली. मी ऐकली आणि तिथेच बसून राहिलो. हमालांनी दोर भर बाजारात लांबवर ओढत नेला. हातगाड्या थांबल्या, माणसं जमली. मधल्या भागावरचं वंगण पुसताच घासून चकचकीत झालेल्या तारा उघड्या पडल्या. दोर उकलला, भुकटी धुतली, वाळवली, आणि इतवारीच्या भर चौकात लिंबू पिळलं. फसफस ऐकायला लोक अक्षरशः कान लावून वाकले.

"आजपासून सोडा इथंच भेटते!" एक हमाल ओरडला आणि सगळा बाजार हसला.

दमदाटीने उघडत नाही ते तोंड हसण्याने उघडतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. व्यापारी घामाघूम झाला. "मीच काहून मरू साहेब? मॅनेजरनंच जुना मागितला होता. म्हने, पावती नव्याची दे, वंगण भरपूर लाव. त्याले ठाऊक होतं!"

ऐकलंत? त्याला ठाऊक होतं! सडका दोर त्याने जाणूनबुजून बांधला, मजुराचा पाय गेला, आणि मग त्याच दोराने मजुरीवाढ मागणाऱ्याचं तोंड आवळायला तो निघाला. त्याचा डाव साधला असता, तर एक माणूस वर्षानुवर्षं तुरुंगात गेला असता आणि त्या खाणीत पुन्हा कोणी ब्र काढला नसता.

व्यवस्थापकाला मी त्याच्या कचेरीतूनच उचललं. ठाण्यात आल्यावर सवयीने तो खुर्चीकडे वळला. हेड कॉन्स्टेबलने ती पायाने मागे सरकवली. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून 'पत्रकवाले साहेब' त्याने सोडलं.

न्यायालयाने विंचवाल्याला मुक्त केलं. ठाण्यापुढे अख्खी खाण लोटली होती, ढोलकीसुद्धा आणली होती. त्याची बायको पुन्हा डबा घेऊन आली, पण या वेळी टेबलावर हळूच ठेवला. "हा तुमच्यासाठी. याले आता घरी जेवू घालतो."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली आणि तीच मी आता गावोगाव सांगत फिरतो. ज्या दोरावर आपला जीव टांगला आहे तो उकलून बघण्याचा हक्क मालकाचा नाही, पोलिसाचा नाही, तो खाली उभ्या असलेल्या माणसाचा आहे. मागून मिळाला नाही तर घ्यावा.

त्या खाणीतल्या मजुरांनी तो घेतला. तिथे आता नवा दोर आला की विंचला लावण्याआधी सगळ्यांसमोर मधोमध उकलतात. पोटातून तेल पाझरलं तरच काम सुरू होतं. तेल दिसत असलं तरी लिंबू पिळलं जातंच, आणि ते पिळण्याचा मान विंचवाल्याच्या साळ्याचा. कुबडी बगलेत धरून तो पुढे येतो, खाली वाकतो, ऐकतो, मग वर बघून ओरडतो, "नाही फसफसत गा! लावा!"