महान खेळाडूंचा सर्व्हिस रेकॉर्ड

आमच्या अवधपुरी वसाहतीच्या मैदानात बास्केटबॉल कोर्टाजवळच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी भेटतात. नाव मी विचारलेलं नाही. मोबाइलवर ते अमेरिकेतल्या थोर बास्केटबॉलपटूंच्या कारकिर्दी बघतात आणि शेजारी बसेल त्याला निकाल ऐकवतात.

"याला सर्वांत महान म्हणतात. ऐन भरात सोडून गेला, परत आला, पुन्हा गेला. आमच्याकडे सीनियॉरिटीच गेली असती याची. आणि हा दुसरा सारखे संघ बदलतो. म्हणजे साहेबाशी पटत नसणार."

परवा चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला. खेळणारी मुलगी ओरडली, "अंकल, बॉल देना." त्यांनी पाय वर घेतले. चेंडू मीच फेकला.

"तुम्ही कधी खेळला नाहीत?" मी विचारलं.

"खेळलो ना. स्पोर्ट्स कोट्यातूनच कारखान्यात लागलो. पर्मनंटची ऑर्डर आली, त्यानंतर चेंडूला हात लावला नाही. गरजच काय?"

तेवढ्यात मुलीने चेंडू बास्केटकडे टाकला. मांडीवर ठेवलेलं त्यांचं उजवं मनगट आपोआप पुढे झुकलं. त्यांनी घाईने त्यावर डावा हात ठेवला.