पाठमोरी सून

सातवीत माझी शाळा सुटली ती धाकटी बहीण जन्मली म्हणून. आई शेतावर, मी पाळण्याशी. टेंभुर्णीच्या शाळेची घंटा घरात बसून ऐकू यायची. त्याच धाकटीनं मला विमानात बसवून इंग्लंडात आणलं. ती विद्यापीठात मातीचा अभ्यास करून राह्यली होती, अन् मी तिचं लेकरू सांभाळायला आल्ते.

तिच्या मंठा गावच्या सासऱ्यांची अट होती: शिका, पण स्वयंपाक सुनेनंच करायचा. त्यात खंड दिसला की लेकरू घेऊन गुमान परत. ते तपासायला रोज दुपारी बराबर एक वाजता व्हिडिओ कॉल, अन् तेव्हाच तिची प्रयोगशाळा. जावई गोदामात पाळीवर. त्यांना सगळं ठाऊक, पण बापापुढं तोंड शिवलेलं.

मंग मी तिची हिरवी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, फोनकडं पाठ करून भाकरी थापायला लागले. सासऱ्यापुढं सुनेनं बोलायचं न्हाई, ही रीत पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला आली. उत्तरं मी माझ्याच आवाजात द्यायचे, जणू लेकरू घेऊन बाजूला उभी आहे. लेकरू असायचं शेजारच्या खोलीतल्या घानाच्या बाईच्या मांडीवर. तीही शिकायलाच आलेली, स्वतःची दोन आईजवळ ठेवून. तिला मराठी येत न्हाई, मला इंग्रजी. पण सासरा म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं न्हाई. सवाल वाढले की ती वायफायची पिन उपसायची अन् वर मला डोळा मारायची.

दोन महिने निभलं. धाकटीची शेवटची तोंडी परीक्षा आठवड्यावर आली, अन् एका दुपारी फोनवर सासूबाई एकट्याच. त्यांनी फोन तोंडाजवळ ओढला. मंग म्हणाल्या, "पोरी, तोंड फिरव इकडं."

फिरवलं. हातातली भाकर हातातच राहिली.

"आमच्या सुनेची भाकर कधी गोल झाली का गं? मला पहिल्याच दिवशी कळल्तं."

घानाच्या बाईचा हात पिनेकडं गेला, तो मी पिठाच्या हातानं अडवला. मावशी, आठच दिवस, म्हणून गयावया केली. त्यांनी विचारलं, ती खरंच सायबांपुढं उभी राहून बोलणार का? एकटी? मी हो म्हटलं. त्यांनी मागं वळून दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला.

"यांना काही उमगलं न्हाई. पण राजूरला दिलेली लेक यायलीय, तिच्या नजरेतून सुटायचं न्हाई. जरा वाकडी थापत जा."

परीक्षेच्या दिवशी मंठ्याचं सगळं घर फोनपुढं बसलं होतं. माझे हात इतके कापत होते की वाकडी थापायचं ध्यानात ठेवावंच लागलं न्हाई. भाकर तव्यावर पडेपर्यंत फाटली. राजूरच्या नणंदबाई म्हणाल्या, हिला काही जमायचं न्हाई. सासूबाईंना तेवढ्यात जोराचा खोकला आला.

धाकटी पास झाली, हे सासऱ्यांना सासूबाईंनीच सांगितलं. भाकरीचं अजून कोणी सांगितलेलं न्हाई.