झोपेचा बिल्ला

रांझीला लष्करी कारखान्याच्या क्वार्टरांत विनता दाणीचं नाव निघालं की लोक आधी गालातल्या गालात हसायचे. बाई हायर सेकंडरीच्या इंग्रजीच्या पेपरात चक्क झोपली होती. पर्यवेक्षक बाईंनी हलवून उठवलं तेव्हा उत्तरपत्रिकेवर निबंधाच्या चार ओळी होत्या आणि बाकीची शाई गालावर. पुढच्या वर्षी ती झोपली नाही, पण रात्रभर जागून पाठ केलेला गाईवरचा निबंध तिने रेल्वे प्रवासाच्या मथळ्याखाली उतरवून दिला. दोन्ही वर्षं नापास.

तरी विनता मुळीच ढ नव्हती. माहेर शहपुऱ्याचं, नववीपर्यंत वर्गात पहिली, मग लग्न. नवरा नीलकंठ कारखान्यात लेथ मशीनवर, मुलगी वसुधा आठ वर्षांची, सासूबाई वारलेल्या आणि सासरे अण्णा घरात. शेजारच्या बेबीताई बालवाडी चालवायच्या. त्यांनी शब्द दिला होता, की एकाहत्तरच्या हिवाळ्यात अभ्यास कर, मार्चात परीक्षा दे, पास झालीस तर बहात्तरच्या जुलैत शिक्षिकेची जागा तुझी. जुलैनंतर मात्र थांबता येणार नाही. नीलकंठनेही सांगून टाकलं होतं, की हे शेवटचं वर्ष, पुढे हा तमाशा नको. विनताला ती जागा मनापासून हवी होती. लोकांच्या हसण्याचा तिला आता वीट आला होता.

तिचा अभ्यासाचा प्रकार मात्र अजब होता. पोळ्या लाटताना इतिहास, कपडे धुताना व्याकरण, आणि घर झोपलं की पहाटेपर्यंत चहावर चहा. डोळ्यांखाली काळं आलेलं ती कौतुकाने मिरवायची. चार तास झोपते हे सांगताना तिच्या आवाजात गर्व असायचा, आणि दुपारी वरणात मीठ दोनदा पडलं की तिलाच रडू यायचं.

अण्णांनी हे सगळं दोन वर्षं मुकाट्याने बघितलं. ते कारखान्यात बत्तीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार आत आला की आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा, जाताना काढून न्यायचा. बिल्ला जिथे, माणूस तिथे, हा अण्णांचा धर्म. दसऱ्यानंतर एके दिवशी ते गोहलपुरातल्या एका वर्कशॉपातून पितळेचा गोल तुकडा कापून, त्यावर एक नंबर ठोकून घेऊन आले. ओसरीत फळी लावली, तिला तीन खिळे मारले आणि वसुधाकडून खाली लिहवून घेतलं: घरकाम, अभ्यास, झोप.

नियम असा, की बिल्ला ज्या खिळ्यावर, विनता त्याच कामावर. अभ्यासावर असेल तेव्हा कुणी चहा मागायचा नाही. झोपेवर असेल तेव्हा कुणी हाकही मारायची नाही, मग दारात राष्ट्रपती का येईनात. रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार झोप, आणि दुपारी एक ते पावणेदोन पुन्हा झोप. दुपारच्या झोपेचं ऐकून विनता हसली. परीक्षेचं वर्ष आणि दुपारी लोळायचं म्हणजे लोकांना हसायला आयतंच मिळालं. पण सासऱ्यांपुढे बोलणार कोण?

महिनाभर बरं चाललं. मग डिसेंबर उजाडला आणि लढाई लागली. नीलकंठची ड्यूटी बारा तासांची झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, संध्याकाळ झाली की शहर विझून जायचं, आणि स्वयंपाक उजेडीच उरकावा लागायचा. अभ्यासाचे तास घटले तशी विनता घाबरली. शेवटी तिने तेच केलं, जे कारखान्यात केलं तर नोकरी जाते. बिल्ला झोपेच्या खिळ्यावर टांगला आणि स्वतः कोठीत, गव्हाच्या पोत्यांमागे, कंदिलाला पदर आडवा धरून पुस्तक उघडलं. आठ रात्री तिची ही खोटी हजेरी लागली.

नवव्या रात्री दहाच्या सुमाराला दारावर थाप पडली. ब्लॅकआउटवर लक्ष ठेवणारा वॉर्डन होता. त्याने उजेडाबद्दल विचारलं, तेव्हा अण्णांनी ओसरीतल्या फळीकडे बोट दाखवून ठासून सांगितलं, की इथे सगळे झोपले आहेत, हा बघा बिल्ला. वॉर्डनने फक्त कोठीच्या झरोक्याकडे बॅटरी रोखली. कौलाखालून पिवळी रेघ बाहेर डोकावत होती.

तो ताकीद देऊन गेला. अण्णा कोठीच्या दारात उभे राहिले.

"काय करून राहिली तू इथे? तुझ्या बिल्ल्यावर मी जबान दिली ना."

एवढंच बोलले, खिळ्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि तीन दिवस सुनेशी बोलले नाहीत. विनताला वाटलं होतं म्हातारा ओरडेल, मग आपणही दोन शब्द ऐकवू. ओरडलेच नाहीत, तेव्हा तिला फार लाज वाटली. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताचिरता तीच म्हणाली, अण्णा, चुकलं माझं.

अण्णा तिच्यासमोर पाटावर येऊन बसले आणि जुन्या मोठ्या लढाईची, जर्मनीच्या वेळची गोष्ट सांगू लागले. अच्युत नावाचा त्यांचा मित्र होता. बहिणीच्या लग्नापायी त्याला जास्तीचं काम हवं होतं. दुसऱ्याचा बिल्ला टांगून तो एकामागून एक दोन पाळ्या करायचा. अण्णांनी ते पाहिलं होतं. दोस्तीखातर नजर फिरवली. पाचव्या दिवशी मशीनवर त्याला डुलकी लागली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"लोक म्हणतात मशीनने बोटं खाल्ली," अण्णा म्हणाले. "मी म्हणतो, माझ्या रजिस्टरने खाल्ली. तो तर झोपेत होता, विनता. जागा मी होतो."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. नीलकंठलासुद्धा नाही. विनताचा विळीवरचा हात थांबला. एवढा करडा माणूस आपल्या झोपेच्या मागे काहून लागला होता, ते तिला तेव्हा कळलं. तिने हात पुढे केला, अण्णांनी खिशातला बिल्ला त्यावर ठेवला.

खरी पंचाईत त्यानंतरच होती. चोरून जागणं सोपं, खरं झोपणं कठीण. अंथरुणावर पाठ टेकली की राहिलेले धडे डोक्यात रांग लावायचे. त्यावर अण्णांनी कारखान्याचीच रीत काढली. पाळी सुटताना कामगार अर्धं राहिलेलं काम पाटीवर लिहून जातो. ती पाटी पुढच्या पाळीची काळजी, त्याची नाही. विनता वसुधाच्या पाटीवर लिहू लागली: त्रैराशिकाची दोन उदाहरणं, अकबराची सनावळी, इंग्रजी पत्र. पाटी फळीखाली ठेवायची आणि बिल्ला झोपेवर. पहिले चार दिवस ती उठून पाटी बघून यायची. पाचव्या दिवशी दुपारी पावणेदोनला वसुधाने तिला हलवलं, तेव्हा ती घोरत होती म्हणे. विनताने ते कधी मान्य केलं नाही.

लढाई थांबली, खिडक्यांचे कागद निघाले, बिल्ला मात्र तसाच फिरत राहिला. तास कमी होते, पण त्या तासांत वाचलेलं डोक्यात टिकायला लागलं. मार्चात इंग्रजीच्या पेपराला ती सात तास झोपून गेली. तिने प्रश्न दोनदा वाचला, मग विचारलेल्याच विषयावर निबंध लिहिला, आणि वीस मिनिटं शिल्लक असताना सबंध पेपर तपासला. शेजारच्या बाकावरची मुलगी पेंगत होती. विनताने हळूच बाक हलवून तिला जागं केलं.

जूनमधल्या एका दुपारी विनता झोपेतून उठली तर घर फारच शांत. वसुधाचा आवाज नाही, बाहेर सायकलींची खडखड नाही. डोळे चोळत ती ओसरीच्या दारात आली आणि थबकली. अंगणात क्वार्टरांतली अर्धी लाइन उभी होती. बेबीताईंच्या हातात पेढ्यांचा पुडा, नीलकंठ अर्ध्या दिवसाची सुटी टाकून आलेला, वसुधा दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून उभी. कुणी चकार शब्द काढत नव्हतं, कारण अण्णा दारात खुर्ची टाकून, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन पहाऱ्याला बसले होते. पुढे कळलं, निकालाचं वर्तमानपत्र सव्वा वाजता आलं होतं आणि अण्णांनी सख्ख्या मुलालाही आत सोडलं नव्हतं.

विनताने वर्तमानपत्राकडे बघितलं, पेढ्यांकडे बघितलं, आणि ती अंगणात उतरायला निघाली. अण्णांनी घड्याळ पाहिलं.

"अजून दोन मिनिटं आहेत. जा आत."

आणि ती गेली. आजवर तिला हसणारी ती सगळी माणसं उन्हात ताटकळत उभी राहिली, आणि विनता दाणी छताकडे बघत, डोळ्यांतलं पाणी कानात ओघळू देत, आपल्या हक्काची दोन मिनिटं पडून राहिली. मग अण्णा आत आले. खिळ्यावरचा बिल्ला त्यांनी स्वतःच्या हाताने काढून आणला होता. तो तिच्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, "उठा मास्तरीणबाई. सेकंड डिव्हिजन आहे."